त्यागराय चेट्टींचा जमाखर्च

पुढारी वारला म्हणजे त्याला दोन प्रकारचे वारस निघतात. एक तसबिरीला हार घालावयास येतो, दुसरा शिव्या द्यावयास येतो. वह्या उघडून हिशेब तपासावयास मात्र कोणी येत नाहीं. मद्रासच्या ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचें असेंच झालें आहे. १९२५ च्या एप्रिलांत ते वारले. त्याला शंभर वर्षें होऊन गेलीं. तरी अजून एक बाजू त्यांना बहुजनसमाजाचा दाता म्हणते आणि दुसरी बाजू त्यांना इंग्रजांचा हुजऱ्या म्हणते. एकाला मिरवावयाला पालखी पाहिजे, दुसऱ्याला मारावयाला धोंडा पाहिजे. त्यांच्या खऱ्या कामाशीं दोघांनाहि कर्तव्य नाहीं.

आम्हांला पालखीहि नको आणि धोंडाहि नको. चेट्टी हे व्यापारी होते. व्यापाऱ्याचें आयुष्य व्यापाऱ्याच्याच रीतीनें वाचावें. जमा एका बाजूस लिहावी, खर्च दुसऱ्या बाजूस लिहावा आणि बाकी कोणाच्या नांवें निघते तें पाहावें.

मद्रासचा हिशेब मराठी शेतकऱ्यानें आणि कारागिरानें कां तपासावा, असें कोणी विचारील. कारण उघड आहे. आडत्या, ठेकेदार, सावकार, कारखानदार अशीं माणसें पैसा गांठीला बांधून राजकारणांत येतात आणि "मी तुमच्यांतलाच" म्हणून दारांत उभीं राहतात. त्यांतले कांहीं खरेंच आपले असतात. कांहीं आपली नुसती जात सांगतात, पोट मात्र निराळें बाळगतात. हीं दोन्हीं माणसें एकाच देहांत कशीं नांदतात, हें चेट्टींच्या चरित्रांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल.

जमेची बाजू

चेट्टींचा जन्म १८५२ चा, जात देवांग, भाषा तेलगू, वस्ती मद्रास. देवांग म्हणजे विणकर. आपल्याकडे इचलकरंजी-सोलापूरच्या बाजूस देवांग कोष्टी आहेत, म्हणून ही जात वाचकांस परकी नाहीं. घरचा व्यापार विणकामाचा आणि कातड्याचा. चेट्टी बी. ए. झाले, पण त्या काळीं बी. ए. झालेला मनुष्य सरकारी कचेरीची वाट धरी, तशी त्यांनीं धरली नाहीं. ते धंद्यांत राहिले. हातानें फेंकावयाच्या धोट्याच्या जागीं दोरीच्या झटक्यानें पळणारा धोटा आला, तेव्हां तो मद्रासेंत लवकर उचलणाऱ्यांत त्यांचा कारखाना होता. झटक्याच्या धोट्यानें एक माणूस दिवसाकांठीं पुष्कळ जास्त कापड काढतो, हें मागावर बसणाऱ्या वाचकास सांगावयास नको. मात्र एक गोष्ट आतांच ध्यानांत ठेवा. मागावर बसणारा निराळा आणि मागाचा मालक निराळा. चेट्टी विणकरांच्या जातीचे होते, पण ते मालक होते. हा भेद पुढें कामास येईल.

१८८२ पासून चाळीस वर्षें ते मद्रास शहराच्या कॉर्पोरेशनांत बसले. गटारें, पाणी, दिवे, शाळा हें काम त्यांनीं पोरवयांत नव्हे, तर धंद्यांत मुरल्यावर हातीं घेतलें आणि म्हातारपणापर्यंत सोडलें नाहीं. सरकारी अंमलदार नसलेला पहिला अध्यक्ष त्या कॉर्पोरेशनाला मिळाला तो चेट्टींच्या रूपानें. १९०९ मध्यें देशी व्यापाऱ्यांचें दक्षिण हिंदुस्थान चेंबर ऑफ कॉमर्स निघालें, त्याचेहि पहिले अध्यक्ष तेच.

आतां असा मनुष्य १९१६ पर्यंत काँग्रेसचा होता. तो एकाएकीं फिरला कां? मद्रासकडे एक हकीकत आजहि सांगतात. एका देवळाच्या कुंभाभिषेकास चेट्टींनीं मोठी देणगी दिली. समारंभाच्या दिवशीं त्यांच्या पेढीवरचा ब्राह्मण नोकर वर बसला आणि देणगी देणारा मालक खालीं राहिला. हकीकत खरी असो वा तिखटमीठ लावलेली असो. ती लोकांना पटली, कारण असलें दृश्य गांवोगांव रोज दिसत होतें. त्याच १९१६ सालीं त्यांचे सहकारी डॉ. टी. एम. नायर वरिष्ठ कायदेकौन्सिलच्या निवडणुकींत पडले. नोव्हेंबरांत चेट्टी, नायर आणि डॉ. सी. नटेश मुदलियार हे तिघे आपले जुने हेवेदावे बाजूला ठेवून एकत्र आले. त्यांतून जो पक्ष निघाला त्यास लोक जस्टिस पक्ष म्हणजे न्याय पक्ष म्हणूं लागले. हें नांव त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रावरून पडलें.

डिसेंबरांत चेट्टींच्या सहीनें ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला. त्याचा सारा जोर आंकड्यांवर होता. मद्रास इलाख्याची वस्ती सुमारें ४ कोटी १५ लाख. त्यांत ब्राह्मणेतर ४ कोटींहून कमी नाहींत. ब्राह्मण शेंकडा तीनच्या आसपास. आणि नोकऱ्या? १९१२-१३ च्या सुमारास १२८ जिल्हा मुनसफांपैकीं ९३ ब्राह्मण होते आणि १४० डेप्युटी कलेक्टरांपैकीं ७७ ब्राह्मण होते. ज्या शेतकऱ्याच्या बांधाचा तंटा मुनसफापुढें जातो, ज्याच्या साऱ्याची सूट डेप्युटी कलेक्टरच्या लेखणीवर अवलंबून असते, त्याला हे आंकडे कोरडे वाटणार नाहींत. कचेरींत आपली भाषा, आपलें दुःख आणि आपली अब्रू ओळखणारा एकहि मनुष्य नसला म्हणजे न्याय कसा मिळतो, हें ज्याच्यावर गुदरलें त्यालाच ठाऊक. हा जाहीरनामा म्हणजे भाकरीचें भांडण, असें म्हणून तेव्हां त्याची थट्टा झाली. भाकरी ज्यांच्या ताटांत आहे त्यांना असली थट्टा परवडते.

१९२० च्या अखेरीस नव्या सुधारणांप्रमाणें कौन्सिलची निवडणूक झाली. काँग्रेसनें बहिष्कार घातला. निवडून द्यावयाच्या ९८ जागांपैकीं ६३ जागा न्याय पक्षानें घेतल्या. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं चेट्टींना मुख्य दिवाणपद, म्हणजे आजच्या भाषेंत मुख्यमंत्रिपद, देऊं केलें. हे विलिंग्डन म्हणजे १९१३ पासून १९१८ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते तेच. चेट्टींनीं तें पद घेतलें नाहीं आणि ए. सुब्बरायलु रेड्डियार यांस पुढें केलें. खुर्ची दारांत चालून आली असतां ती दुसऱ्यास देणारा मनुष्य राजकारणांत विरळा. ही रक्कम जमेस धरलीच पाहिजे.

१९२१ च्या सप्टेंबरांत न्याय पक्षाच्या सरकारनें हुकूम काढला कीं सरकारी नोकऱ्यांत निरनिराळ्या समाजांना वांटा मिळावा आणि कोणत्या समाजाचे किती लोक घेतले याचे तक्ते खात्यांनीं पाठवावे. हा हुकूम थोर खरा, पण पहिला नव्हे. आमच्या शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजींच करवीर दरबारच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या होत्या. मद्रास कोल्हापूरच्या मागून एकोणीस वर्षांनीं आलें. पण कोल्हापूर एक संस्थान आणि मद्रास एक अवाढव्य इलाखा. तेथें हें पाऊल पडणें लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षीं मद्रासच्या कौन्सिलनें बायकांना मताचा हक्क दिला, हेंहि त्याच काळचें काम.

एक आणा

परंतु चेट्टींच्या सगळ्या जमेंत आम्हांला सर्वांत मोठी वाटते ती रक्कम फक्त एका आण्याची आहे. रुपयाचे सोळा आणे, त्यांतला एक.

मद्रासेंत थाउझंड लाइट्स नांवाचा भाग आहे. तेथील कॉर्पोरेशनच्या शाळेंत गरिबांचीं पोरें येत. सकाळीं येत आणि दुपारीं भूक लागली म्हणजे घरीं जात तीं परत येत नसत. घरीं तरी काय होतें? चेट्टी अध्यक्ष असतां १६ सप्टेंबर १९२० रोजीं कॉर्पोरेशननें ठराव केला कीं या शाळेंतल्या मुलांना दुपारचें खाणें द्यावें आणि दर मुलामागें दररोज एक आण्याहून अधिक खर्च करूं नये. मग आणखी चार शाळांत ही व्यवस्था झाली. पटावरचीं मुलें १९२२-२३ मध्यें ८११ होतीं, तीं १९२४-२५ मध्यें १,६७१ झालीं. दोन वर्षांत दुपटीहून अधिक.

शिक्षणाचें महत्त्व गरिबांना कळत नाहीं, असें म्हणणाऱ्या पंडितांनीं हा आंकडा घरीं लिहून ठेवावा. गरिबाला महत्त्व कळतें. पोराच्या पोटांत कांहीं नसतें एवढीच अडचण. जोतीरावांनीं विद्येविना काय काय गेलें तें सांगितलें. चेट्टींच्या शाळेनें त्यांत एक ओळ जोडली: अन्नाविना विद्या गेली. व्यापाऱ्याच्या नजरेनें त्यांनीं पाहिलें कीं मास्तरचा पगार, इमारतीचें भाडें, पाट्या, पुस्तकें हा सारा खर्च रिकाम्या बांकांवर वायां जातो आहे आणि एका आण्यानें तो सार्थकीं लागतो. पेढीवरचें शहाणपण लोकांच्या कामीं लावणें म्हणतात तें हेंच. पुढें १९५६ च्या सुमारास कामराजांनीं मद्रास राज्यभर दुपारचें जेवण सुरू केलें, १९८२ मध्यें एम. जी. रामचंद्रन यांनीं तें वाढविलें, १९९५ मध्यें सबंध देशासाठीं योजना निघाली. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत जी खिचडी शिजते तिचें मूळ धुंडाळीत गेल्यास वाटेंत हा एक आणा भेटतो.

खर्चाची बाजू

आतां पान उलटूं. जमा वाचतांना ज्यांना गुदगुल्या झाल्या असतील त्यांनीं येथें उठून जाऊं नये.

जाहीरनामा चार कोटींच्या नांवानें निघाला. पण १९२० च्या निवडणुकींत मतदार किती होते? सुमारें साडेबारा लाख. सारा किंवा कर अमुक भरतो त्यालाच मत, अशी ती पद्धत होती. म्हणजे शंभरांतल्या सत्त्याण्णवांना मत नाहीं. हा नियम चेट्टींनीं केला नव्हता, तो इंग्रजांनीं केला. पण त्या नियमानें कौन्सिलांत कोण गेले तें पाहा: जमीनदार, वकील, व्यापारी. सुब्बरायलु रेड्डियार प्रकृतीमुळें लवकरच पायउतार झाले आणि त्यांच्या जागीं पानगलचे राजे आले. पक्षाच्या मागें पैसा होता तोहि संस्थानिक-जमीनदारांचा आणि पेढ्यांचा. ज्याच्या घरचें तेल, त्याच्या देव्हाऱ्यापुढें दिवा. कूळ, मजूर आणि मागावर बसणारा यांचें नांव ठरावांत होतें, यादींत नव्हतें.

याची परीक्षा लवकरच झाली. मद्रासेंत बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या दोन मोठ्या कापडगिरण्या होत्या. १९२१ च्या मे महिन्यांत कर्नाटिक गिरणींत तंटा पेटला, जूनमध्यें बकिंगहॅम गिरणीचे लोक बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत संप चालला. संपवाल्यांत पुष्कळ स्पृश्य ब्राह्मणेतर होते. आदिद्रविड, म्हणजे तिकडचे अस्पृश्य, यांतले बहुतेक कामावर गेले. त्यांचे पुढारी एम. सी. राजा यांची सल्लाहि तशीच होती. मग गिरणीच्या आसपासच्या वस्त्यांत मारामाऱ्या झाल्या. पुलियान्तोप भागांत झोपड्या पेटल्या. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनीं गोळ्या घातल्या व माणसें मेलीं.

वाचकहो, येथें नीट विचार करा. दोन गरीब एकमेकांवर उठले होते आणि दोघांच्या डोक्यावर मालक एकच होता. संपवाला म्हणे, आमचा संप फोडला. आदिद्रविड म्हणे, तुमच्या वस्तींत मला घर नाहीं, तुमच्या पाण्याला माझा हात चालत नाहीं, मग तुमच्या संपासाठीं मीं उपाशी कां मरावें? दोघांचेंहि म्हणणें अर्धें खरें होतें. ब्राह्मणेतरांचा म्हणविणारा पक्ष असल्या वेळीं कामास यावयाचा. त्यानें स्पृश्य कामकऱ्याला सांगावयाचें होतें कीं, बाबा रे, ज्याला तूं बारा महिने दूर लोटतोस तो सहा महिन्यांच्या उपासांत तुझ्या जवळ कसा येईल? आधीं त्याला जवळ घे, मग एकी माग.

पक्षानें काय केलें? पक्षाच्या वर्तमानपत्रानें आणि पुढाऱ्यांनीं सारा दोष आदिद्रविडांवर व सरकारच्या मजूरखात्यावर टाकला. मजूरखात्यानें आदिद्रविडांचे फाजील लाड केले, म्हणून हें झालें, असें त्यांचें म्हणणें पडलें. लाड! ज्यांची झोपडी जळाली त्यांचे लाड! पांच वर्षांपूर्वीं हेंच पुढारी ओरडत होते कीं आम्ही वांटा मागितला तर ब्राह्मण पत्रें आम्हांला सरकारचे लाडके म्हणतात. तोच शब्द उचलून त्यांनीं आपल्या खालच्याच्या अंगावर फेंकला. सासूनें छळलेली सून सासू झाली म्हणजे काय होतें, तें घरोघर ठाऊक आहे.

चेट्टी तेव्हां पक्षाचे अध्यक्ष होते. लेख दुसऱ्याच्या लेखणीचा असेल, भाषण दुसऱ्याच्या तोंडचें असेल. पेढी ज्याच्या नांवाची, हुंडी त्याच्यावरच लागते. एम. सी. राजा १९२३ मध्यें आपल्या माणसांसह पक्षांतून बाहेर पडले. एक वर्षापूर्वीं, १९२२ मध्यें, याच राजांच्या ठरावानें कौन्सिलांत अस्पृश्यांना जुन्या अपमानाच्या नांवांऐवजीं आदिद्रविड म्हणावें असें ठरलें होतें. म्हणजे पक्षाच्या राज्यांत त्यांना नांव मिळालें, वांटा मिळाला नाहीं. बारा जागांपैकीं एक जागा दलित वर्गाला, पांच ब्राह्मणेतर हिंदूंना, असा आंकड्यांनिशीं पक्का हुकूम मागाहून निघाला, तेव्हां न्याय पक्ष अधिकारावर नव्हता, डॉ. सुब्बरायन यांचें मंत्रिमंडळ होतें आणि हुकूम काढणारे दिवाण मुथय्या मुदलियार होते. बहुजनांचा मक्ता आपल्याकडेच आहे असें समजणाऱ्या कोणत्याहि पक्षानें ही गोष्ट विसरूं नये.

आणि आतां सर्वांत कडू रक्कम. तो एक आणा कोठें गेला? शाळेंतल्या जेवणाचा खर्च प्राथमिक शिक्षण फंडांतून होई. सरकारनें त्याला हरकत घेतली. या फंडांतून जेवण घालतां यावयाचें नाहीं, असें कळविलें. १ एप्रिल १९२५ पासून जेवण बंद पडलें. हें सरकार कोणाचें? १९१९ च्या कायद्यानें शिक्षण हें लोकनियुक्त दिवाणांच्या हातीं दिलेलें खातें होतें आणि मद्रासेंत त्या वेळीं शिक्षणाचे दिवाण न्याय पक्षाचेच ए. पी. पात्रो होते. पक्ष चेट्टींचा, दिवाण पक्षाचा, शाळा गरिबांच्या; आणि चूल विझली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस चेट्टी वारले. त्यांच्या नांवानें शहरांत एक मोठी वसाहत वसली. त्यागरायनगर म्हणून ती आजहि गजबजलेली आहे. पेठेला नांव द्यावयास पैसा लागत नाहीं. पोरांना जेवण द्यावयास दररोज दरडोई एक आणा लागे, तो पक्षाला टिकवितां आला नाहीं.

बाकी काय निघाली

मागून जें झालें तें याच खर्चाचें व्याज होय. चेट्टी गेल्यावर पक्ष पुन्हा अधिकारावर आला. १९३२ पासून बोबिलीचे राजे मुख्य दिवाण झाले. जगभर मंदी होती, धान्याचे भाव कोसळले होते, कुळांना सारा झेपत नव्हता. त्या काळांत मद्रासच्या दिवाणाचा पगार महिना ४,३३३ रुपयांवर होता; तेव्हांच्या मध्यप्रांतांत, म्हणजे आपल्या नागपूर-वऱ्हाडकडे, दिवाण २,२५० घेत. शेतकऱ्यानें हें सारें गांठीं मारून ठेवलें आणि १९३७ मध्यें मत मिळतांच पक्षाचा धुव्वा उडविला. खुद्द बोबिलीचे राजे पडले. मग लोक म्हणाले, शेतकरी कृतघ्न. शेतकरी कृतघ्न नसतो. तो हिशेब उशिरां करतो, पण करतो.

आतां जे चेट्टींना इंग्रजांचा हुजऱ्या म्हणून मोकळे होतात त्यांना दोन शब्द. चेट्टी इंग्रजांशीं जुळवून होते, त्यांनीं होमरूलला विरोध केला, त्यांना "सर" ही पदवी होती; सर्व खरें. पण १२८ मुनसफांत ९३ कोणाचे, हा प्रश्न इंग्रजांनीं रचलेला नव्हता. प्रश्न खरा होता, म्हणूनच त्याला माणसें मिळालीं. त्यांना स्वराज्य नको होतें असें म्हणण्याआधीं, त्या स्वराज्यांत त्यांची जागा कोणती राहणार होती तें कोणी त्यांना सांगितलें होतें काय? शाहू छत्रपतींनाहि याच शिव्या खाव्या लागल्या. शिव्या देणारे गेले. १९०२ चा हुकूम राहिला, आणि त्याची वाट स्वतंत्र हिंदुस्थानच्या राज्यघटनेलाहि धरावी लागली.

आणि जे तसबिरीला हार घालतात त्यांना चार शब्द. कारण ते आपले आहेत आणि आपल्या माणसाला अधिक बोलावें लागतें. न्याय पक्ष ब्राह्मणांच्या कारस्थानानें बुडाला, असें तुम्ही म्हणतां. नाहीं. तो आदिद्रविडांच्या जळक्या झोपडींत, कुळाच्या न भरलेल्या साऱ्यांत आणि पोरांच्या विझलेल्या चुलींत बुडाला. वरच्यापाशीं वांटा मागणें आणि खालच्याला वांटा नाकारणें याला समता म्हणत नाहींत. याला बढती म्हणतात. चेट्टींना देवळांत खालीं बसावें लागलें, याचा आपल्याला संताप येतो, आणि यावा. पण त्याच देवळाच्या दाराबाहेर जो उभा होता त्याचा हिशेब पक्षानें ठेवला नाहीं.

हें मद्रासचेंच पाप, असें समजून आम्ही मराठ्यांनीं, माळ्यांनीं, कुणब्यांनीं, कोष्ट्यांनीं, साळ्यांनीं, तेल्यांनीं हात झटकूं नयेत. १९२० च्या मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत शाहू छत्रपती डॉ. आंबेडकरांच्या पाठीशीं उभे राहिले, ही आमची जमा. पण १९२७ च्या मार्चमध्यें महाडास चवदार तळ्याचें पाणी पिणाऱ्यांवर ज्या काठ्या पडल्या, त्या सगळ्या भटजींच्या हातांतल्या नव्हत्या. हा आमचा खर्च. जोतीरावांनीं सत्यशोधक समाज काढला तेव्हां त्यांच्या जोडीला मुंबईचे तेलगू ठेकेदार व व्यापारीहि होते. त्यांच्या पैशाचा उपयोग झाला. पण जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना आधींच मोकळा केला होता. पैसा चळवळीच्या मागून चालत होता. मद्रासेंत चळवळ पैशाच्या मागून चालली. फरक एवढाच, पण त्यानें सारें बदललें.

म्हणून, शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, पैसेवाला पुढारी दिसला कीं त्याला हाकलून द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. चेट्टींसारखा मनुष्य पैसेवाला होता म्हणूनच चाळीस वर्षें निर्वेध काम करूं शकला. पण तो तुमच्या दारांत येईल तेव्हां त्याला पाट द्या, पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा. एक, तुझ्या मागावर, तुझ्या गिरणींत, तुझ्या शेतांत राबणाऱ्याला तूं काय देतोस? दुसरें, आमच्याहून खालीं ज्याला समजतात त्याला तूं आपल्या पंक्तीला घेतोस काय? तिसरें, तुझें राज्य आलें तर आमच्या पोराच्या ताटांत काय पडेल, आणि तूं गेल्यावरहि तें पडत राहील अशी सोय तूं कोणत्या कायद्यांत करून ठेवशील?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चेट्टींचा आणा मनानें दिलेला होता, म्हणून तो मोठा. पण तो एका माणसाच्या मर्जीवर आणि एका फंडाच्या कलमावर लटकत होता, म्हणून पांच वर्षांत तुटला. दात्याची ओंजळ कितीहि मोठी असली तरी ती दात्याबरोबर जाते. हक्काची भाकरी मात्र दात्याच्या मागें उरते.

चेट्टींच्या वहींत जमा पुष्कळ आहे. बाकी मात्र कारागिराच्या, कुळाच्या आणि अस्पृश्याच्या नांवें येणें निघते. ती मद्रासेंत कांहीं प्रमाणांत पुढच्यांनीं फेडली. आपल्याकडची फिटली कीं नाहीं, तें ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या शाळेंत, आपल्या गांवच्या पाणवठ्यावर आणि आपल्या गांवच्या चावडींत जाऊन पाहावें.